दोनशे सोळा नग आणि एक घासलेला बोल्ट

प्रश्न: माझी गाडी नऊ वर्षांची आहे, वॉरंटी केव्हाच संपली. ऑईल आणि फिल्टर बदलणं, ब्रेक पॅड, बॅटरी एवढी कामं घरीच करायची असं ठरवलं. सुरुवात म्हणून दिसला तो सगळ्यात स्वस्त पान्यांचा सेट आणला आणि पहिल्याच दिवशी ऑईल सोडायच्या 17 मिलिमीटरच्या बोल्टचे कोपरे घासून बसलो. बोल्ट जागचा हलला नाही. दादा म्हणतो, मेकॅनिक लोक वापरतात तीच हत्यारं घे, नाहीतर हा नाद सोड. तेवढी ऐपत नाही. दुसरीकडे 216 नगांची एक चकचकीत पेटी सवलतीत मिळते आहे. पेटी घेऊ, मोजकीच पण भारी हत्यारं घेऊ, की नाद सोडू?
– घासलेला बोल्ट

उत्तर: नाद सोडू नका. पेटीही घेऊ नका. दादाचं अर्धं ऐका. कोणतं अर्धं, ते पुढे सांगते.

पण आधी एक विचारते, रागावू नका. बोल्ट सोडवायच्याच दिशेने फिरवत होतात ना? बोल्टच्या डोक्याकडे तोंड करून घड्याळाच्या उलट दिशेने फिरवला की तो सुटतो, हे सगळ्यांना पाठ असतं. पण ऑईलच्या बोल्टचं डोकं जमिनीकडे असतं, आणि बोनेटच्या बाजूने विचार करत खाली हात घातला की डावं-उजवं उलटं होतं. माझा पहिला ड्रेन बोल्ट मी वीस मिनिटं घाम गाळून आणखी घट्ट केला होता. शेवटी शेजारच्या एका शाळकरी मुलाने विचारलं, ‘काकू, उलटं नाही का होत?’ तेव्हा उजेड पडला.

दिशा बरोबर असेल, तर दोष बहुधा पान्याचा. स्वस्त सेटमधली सॉकेटं, ज्यांना गॅरेजात गोट्या म्हणतात, बऱ्याचदा बारा कोनी असतात. बारा कोनी गोटी बोल्टवर पटकन बसते, कोणत्याही कोनात बसते, म्हणून दुकानात छान वाटते. पण ती बोल्टला पकडते कोपऱ्यांच्या अगदी टोकाशी. बोल्ट घट्ट असला, त्यात गोटी जराशी सैल असली, की टोकं सोलून निघतात. सहा कोनी गोटीचा जोर कोपऱ्यापासून थोडा आत, सपाट बाजूवर येतो आणि तिथे धातू जास्त असतो. तुमच्या कामांसाठी पहिला नियम हाच: गोट्या सहा कोनी. बारा कोनी गोटी अडचणीच्या जागी उपयोगाची असते, काही ठिकाणी बोल्टच बारा कोनी असतात, पण ती वेळ आली की बघू.

आता तो बोल्ट. कोपरे नुसते गोल झाले असतील तर 16 मिलिमीटरची सहा कोनी गोटी त्यावर हातोडीने ठोकून बसवता येते का बघा. सरळ ठोका, तिरकं नको. कित्येक गाड्यांत ऑईलचं भांडं ॲल्युमिनियमचं असतं आणि तिरक्या घावाने आटे बिघडतात. गोटी गच्च बसली की लांब दांड्याने एकाच संथ दाबाने सोडवा. हिसके देऊ नका. हे जमलं नाही तर घासलेल्या बोल्टसाठी खास गोट्या मिळतात, आतून पिळाच्या धारा असलेल्या; जितकं फिरवाल तितक्या त्या रुतत जातात. त्याही हरल्या तर गाडी मेकॅनिककडे न्या. निघालेला बोल्ट परत लावू नका. नवा बोल्ट आणि नवं वॉशर लावा, दोन्ही किरकोळ वस्तू आहेत.

आता पेटीकडे येऊ. 216 हा आकडा हत्यारांचा नसतो. झाकण उघडून मोजलं तर निम्म्याहून अधिक नग स्क्रू ड्रायव्हरची बारकी टोकं असतात, त्यांतली बरीच एकसारखी. वर इंच मापाच्या गोट्यांची एक आख्खी रांग. तुमच्या गाडीचे बोल्ट मिलिमीटरमध्ये असतील तर ती रांग जन्मभर तेलकट न होता पडून राहील. नुकसान एवढंच असतं तर चाललं असतं. पण तुम्ही नगांना पैसे देता तेव्हा विकणारा नगच देतो. ज्या सहा-सात गोट्या तुम्ही खरोखर वापरणार, त्यांच्या वाट्याला चांगलं पोलाद येत नाही.

म्हणून दुकानात उभं राहून मी प्रत्येक हत्याराला एकच प्रश्न विचारते: हे मोडलं तर काय होईल?

फनेल मोडलं तर ऑईल सांडेल. पुसून टाकू. टायरच्या हवेचा गेज चुकला तर दुसऱ्याने मोजून पाहू. पक्कड वाकली तर दुसरी आणू. अशी हत्यारं सगळ्यात स्वस्त घ्या, मन मारून नव्हे, आनंदाने. गोटी फाटली किंवा सैल पडली तर बोल्ट खराब होतो, आणि मग हत्यारापेक्षा दुरुस्ती महाग पडते. तुमचा अनुभव ताजाच आहे. ही हत्यारं मधल्या प्रतीची घ्या. आणि जॅक किंवा स्टँड मोडला तर? तेव्हा गाडीखाली तुम्ही असाल. दादाचं जे अर्धं ऐकायचं म्हटलं ना, ते इथे.

जॅकबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण पत्रात तुम्ही ऑईल आणि ब्रेक लिहिलंत, पण गाडी उचलणार कशी त्याचा उल्लेखच नाही. गाडीबरोबर मिळालेला कात्री जॅक चाक बदलण्यासाठी असतो. तेवढाच. तो अरुंद पायावर उभा असतो आणि बाजूने धक्का बसला की कलंडतो. त्याच्या भरवशावर अंगाचा कुठलाही भाग गाडीखाली न्यायचा नाही, अगदी पडलेला स्क्रू काढायलाही नाही. चाकांवर सरकणारा ट्रॉली जॅक उचलायला उत्तम, पण तोही फक्त उचलायलाच. त्यात दाब धरून ठेवतो तो तेलाचा सील, आणि सील झिजला की जॅक आवाज न करता खाली बसतो. गाडी धरून ठेवायचं काम जॅक स्टँडचं. तो पोलादाचा तिवई-चौपाईसारखा ठोकळा असतो, त्यात ना तेल ना सील, नुसता खटका. विटा किंवा सिमेंटचे ठोकळे लावून काम भागवणारे लोक मी पाहिले आहेत. सिमेंटचा ठोकळा आधी कुरकुरत नाही. तो एकदम फुटतो.

स्टँड घेताना त्यावरचा वजनाचा आकडा नीट वाचा. तो एका स्टँडचा आहे की जोडीचा, हे बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. लहान कार साधारण हजार-बाराशे किलोची, मोठी गाडी दोन हजारांकडे जाते. हे सगळं वजन एका स्टँडवर कधी येत नाही, पण माझ्या मते हातात भरपूर राखीव ताकद असावी. खटक्यातल्या दातांवर आणि सांध्यांच्या वेल्डिंगवर बोट फिरवून बघा. ओबडधोबड, भोकं पडलेलं वेल्डिंग दिसलं की ठेवून द्या. जमीन सपाट आणि कडक हवी, हँडब्रेक ओढलेला हवा, जी चाकं जमिनीवर राहणार त्यांना पुढून-मागून पाचर हवी. जॅक कुठे लावायचा ते गाडीच्या पुस्तकात चित्रासह असतं; अंदाजाने लावलात तर पत्रा चेपतो. गाडी स्टँडवर आली की खाली जाण्याआधी तिला हाताने जोरात ढकलून बघा. पडायचीच असेल तर तेव्हा पडू दे.

फक्त ऑईलच बदलायचं असेल तर चाकं चढवायचे दोन रॅम्प हा आणखी सोपा मार्ग आहे. जॅक नको, स्टँड नको. मात्र ब्रेकचं काम रॅम्पवर होत नाही, कारण चाक काढावं लागतं. तुमच्या यादीत ब्रेक आहेत, म्हणून मी जॅक आणि स्टँडच म्हणेन.

पान्यांची खरेदी एकदम करू नका. आधी ऑईल बदला, त्याला लागेल ते आणा. मग पुढचं काम, मग त्याला लागेल ते. मोटारीत वारंवार लागणारी मापं बघितली तर 8, 10, 12, 13, 14, 17, 19 आणि चाकाच्या नटासाठी बहुतेक 17, 19 किंवा 21. जपानी वळणाच्या गाड्यांत 12 आणि 14 जास्त, युरोपी गाड्यांत 13, 16 आणि 18 जास्त, त्याशिवाय ताऱ्याच्या आकाराच्या खाचेचे बोल्ट. तुमच्या गाडीत काय आहे ते विकत घेण्याआधी पाहून घ्या. 10 ची गोटी मात्र दोन घ्या. ती हरवते. का हरवते हे कुणालाही माहीत नाही, पण इंजिनाच्या खालच्या पत्र्यावर कुठेतरी सगळ्या गाड्यांच्या सगळ्या 10 च्या गोट्या सुखाने नांदत असणार अशी माझी श्रद्धा आहे.

गोटी ज्या चौकोनी खुंटीवर बसते तिची मापं इंचात असतात: पाव, 3/8 आणि अर्धा. घरच्या कामाला पहिला सेट 3/8 चा. पाव इंची नाजूक जागांसाठी, अर्धा इंची चाकं आणि जड बोल्ट यांच्यासाठी. माझा सल्ला, 3/8 चा छोटा सेट आणि अर्धा इंची एकच लांब दांडा, त्याला चाकाच्या मापाची एक गोटी. या लांब दांड्यात कुठलीही यंत्रणा नसते, म्हणून तो स्वस्तातला चालतो आणि तरी वर्षानुवर्षं टिकतो. घट्ट बोल्ट नेहमी त्याने मोडायचा, म्हणजे सैल करायचा. रॅचेटने, म्हणजे गोटी न काढता पुढे-मागे हलवत बोल्ट फिरवायच्या दांड्याने, नाही. रॅचेटच्या आत बारीक दात असतात. 72 दातांचं असेल तर दर 5 अंशांना एक दात, 24 दातांचं असेल तर दर 15 अंशांना. जास्त दात म्हणजे अडचणीच्या जागी सोय, पण स्वस्त रॅचेटला पाईप लावून जोर केला की ते दात सटकतात आणि तुमची बोटं इंजिनावर आपटतात. माझ्या उजव्या करंगळीवरची खूण त्याचीच आहे.

पोलाद चांगलं की नाही हे शिक्क्यावरून कळत नाही. ‘क्रोम व्हॅनेडियम’ अशी अक्षरं कोणीही ठोकू शकतो. त्यापेक्षा खिशात एक नवा, न वापरलेला बोल्ट घेऊन दुकानात जा. गोटी त्यावर बसवा आणि हलवून बघा. खुळखुळली तर नको. गोटीच्या आतल्या कडा धारदार आणि सरळ हव्यात, भिंत सगळीकडे एकसारख्या जाडीची हवी. आणि जुन्या हत्यारांकडे नाक मुरडू नका. गॅरेज बंद करणाऱ्या माणसाकडची वापरलेली रिंग पान्यांची जोडी नव्या चकचकीत सेटपेक्षा कितीतरी बरी असते. फक्त उघड्या तोंडाचे पाने घेताना तोंड फाकलेलं नाही ना ते बघा. वापरलेला जॅक मात्र कधीच घेऊ नका. त्याने आजवर काय काय सोसलंय ते बाहेरून दिसत नाही.

उघड्या तोंडाचा पाना बोल्टला दोनच बाजूंनी धरतो, रिंग पाना सगळीकडून. म्हणून सोडवताना रिंग, आणि सैल झाल्यावर पटापट फिरवायला उघडं तोंड. कमी-जास्त होणारा स्क्रू पाना गाडीपासून लांब ठेवा.

टॉर्क पान्याबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण विचारायला हवं होतं. हा पाना ठरावीक जोर पडला की ‘टक’ करतो. लोकांना तो चैन वाटतो. पण हाताचा अंदाज किती फसवा असतो बघा: अर्ध्या मीटर लांबीच्या दांड्याच्या टोकाला 20 किलोचा जोर लावला की बोल्टवर सुमारे 98 न्यूटन-मीटर पडतात. चाकाच्या नटाला बऱ्याच गाड्यांत साधारण तेवढेच लागतात, शंभरच्या आसपास. तुमच्या ऑईलच्या बोल्टला मात्र त्याच्या तिसऱ्या हिश्शाच्या जवळपास पुरतात. म्हणजे चाकाला योग्य असलेला जोर ऑईलच्या बोल्टला लावला, तर ॲल्युमिनियमच्या भांड्याचे आटेच निघून येतील. गाडीचा नेमका आकडा गाडीच्या दुरुस्ती-पुस्तकातून घ्या. आणि हो, कदाचित आधी कोणीतरी असाच डोळे मिटून जोर केला असेल, म्हणून तुमचा बोल्ट हलत नाहीये.

एकाच टॉर्क पान्यात सगळं भागत नाही. 40 ते 200 न्यूटन-मीटरचा अर्धा इंची पाना चाकांसाठी छान, पण त्याच्या आकड्यांच्या तळाशी तो बेभरवशाचा असतो आणि 30 ला तर तो पोचतच नाही. आधी चाकांसाठी घ्या. नंतर जमेल तेव्हा लहान. ‘टक’ झालं की थांबा, खात्रीसाठी दुसऱ्यांदा टक करू नका, त्याने बोल्ट आणखी आवळला जातो. ठेवताना सगळ्यात खालच्या आकड्यावर आणून ठेवा, नाहीतर आतली स्प्रिंग दाबलेली राहते. आणि त्याने बोल्ट सोडवायचा नाही, कितीही मोह झाला तरी. काटा दाखवणारा, जुन्या पद्धतीचा, एका वाकणाऱ्या सळईचा टॉर्क पाना मिळाला तर तो कमी किमतीत जास्त प्रामाणिक असतो. दिसायला म्हातारा आहे, एवढंच.

बॅटरीसाठी मल्टिमीटर लागेल, आणि इथे स्वस्तातला चालतो. गाडी रात्रभर उभी असताना चांगली भरलेली बॅटरी 12.6 व्होल्ट दाखवते, 12.2 च्या आसपास असेल तर ती अर्धी रिकामी आहे. इंजिन चालू केल्यावर बहुतेक गाड्यांत आकडा 13.8 ते 14.4 च्या दरम्यान येतो. नाही आला तर दोष बॅटरीचा नसून आल्टरनेटरचा, म्हणजे बॅटरी भरणाऱ्या जनित्राचा, असू शकतो. एवढ्या एका तपासणीने लोकांच्या चांगल्या बॅटऱ्या भंगारात जायच्या वाचतात. पण तो स्वस्त मीटर घरातल्या विजेच्या प्लगला लावू नका, हायब्रिड गाडीच्या नारिंगी तारांना तर मुळीच नाही. तोच मीटर, पण मोडला तर काय होईल याचं उत्तर तिथे वेगळं आहे. मीटरची लाल वायर अँपिअरच्या भोकात ठेवून बॅटरीचे व्होल्ट मोजायला जाऊ नका. तो थेट शॉर्ट सर्किट होतो. बॅटरी काढताना आधी ऋण टोक सोडवा आणि जोडताना ते शेवटी जोडा. उलट केलंत आणि पाना चुकून गाडीच्या पत्र्याला टेकला, तर ठिणगीसकट धडा मिळतो.

इंजिनाचा दिवा लागला की कोड वाचणारं एक छोटं यंत्र हल्ली सगळे सुचवतात. घ्या, साधं घ्या. फक्त त्याच्याकडून फार अपेक्षा ठेवू नका. ‘पी0420’ आला म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (सायलेन्सरच्या वाटेत धूर स्वच्छ करणारा भाग) बदला असं ते सांगत नाही. त्याच्या कामगिरीबद्दल संगणकाला शंका आली, एवढंच सांगतं. सायलेन्सरची गळती किंवा बिघडलेला सेन्सरही तोच कोड देऊ शकतो. कोड वाचून भाग बदलत सुटणारे लोक गॅरेजवाल्यापेक्षा जास्त खर्च करतात.

ब्रेक पॅडसाठी वेगळं महागडं हत्यार घेण्याआधी घरात सुतारकामाचा सी-क्लॅम्प आहे का बघा. पुढच्या ब्रेकचा पिस्टन, म्हणजे पॅड दाबणारा दट्ट्या, त्याने हळूहळू आत ढकलता येतो. मागच्या चाकांत मात्र काही गाड्यांचा पिस्टन फिरवत आत न्यावा लागतो, तिथे क्लॅम्पने जोर केला की तो बिघडतो. कॅलिपर, म्हणजे पिस्टन आणि पॅड धरणारा भाग, रबरी नळीवर लोंबकळू देऊ नका, तारेने बांधून ठेवा. ब्रेकचं तेल रंगावर सांडलं तर रंग उचलतो, लगेच पाण्याने धुवा. काम झाल्यावर गाडी हलवण्याआधी पेडल कडक होईपर्यंत दाबत राहा. ते विसरलात तर पहिल्याच वळणावर पेडल जमिनीला टेकेल. पहिल्या वेळी ब्रेकचं काम येणारं कोणीतरी शेजारी उभं असू द्या. तुमच्या दादाला येत असेल तर त्यालाच बोलवा, त्यालाही बरं वाटेल.

बाकी किरकोळ: जुनं ऑईल धरायला पसरट भांडं, फिल्टर काढायला त्याच्या मापाची वाटी किंवा पट्टा, कपाळावर बांधायचा दिवा, हातमोजे, आणि डोळ्यांवर चष्मा. चष्मा विसरू नका. गाडीखाली उताणं पडलं की गंजाची पहिली खपली बरोबर डोळ्यात पडते. सस्पेन्शनची स्प्रिंग दाबायचं हत्यार मात्र विकत घेऊ नका आणि उसनंही आणू नका. दाबलेली स्प्रिंग सुटली तर ती माणसाला सोडत नाही. ते काम, एअरबॅगचं काम आणि डिझेलच्या इंजेक्टरच्या नळ्या, हे गॅरेजात.

तर या आठवड्यात फक्त हे करा: दोन स्टँड, एक ट्रॉली जॅक, 16 आणि 17 च्या सहा कोनी गोट्या, लांब दांडा, आणि नवा बोल्ट-वॉशर. इंजिन पाच मिनिटं चालवून ऑईल कोमट करा, गरम नको, हात भाजतो. जुना बोल्ट निघाला की भोकाभोवती स्वच्छ पुसून घ्या, जुनं वॉशर तिथेच चिकटून राहिलेलं नाही ना ते नखाने चाचपा. नवा फिल्टर लावताना त्याच्या रबरी रिंगला थोडं ऑईल चोळा आणि हातानेच आवळा, रिंग टेकल्यावर साधारण पाऊण फेरा. नवा बोल्ट आधी बोटांनी शेवटपर्यंत फिरवा. बोटांनी जात नसेल तर आटे वाकडे धरले आहेत, परत काढा. नव्या ऑईलने भरून झालं की रात्री गाडीखाली एक कोरा पुठ्ठा सरकवून ठेवा. सकाळी त्यावर थेंब दिसला तर मला परत लिहा.